महालातल्या वाड्यासमोर नंदी ओढणारं मूल: जुन्या घरगुती फोटोचं वय, ओळख आणि जतन

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या महाल भागातल्या वडिलोपार्जित वाड्याची आवराआवर करताना माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत एक लहानसा काळा-पांढरा फोटो सापडला. वाड्याच्या दारासमोर चार-पाच वर्षांचं मूल चाकांचा लाकडी नंदी दोरीनं ओढतंय. घरात सगळे म्हणतात, हे आजोबा. त्यांचा जन्म १९३१ चा. पाठीवर नाव नाही, तारीख नाही. चेहरा धूसर आहे, एका कोपऱ्यात बुरशीसारखे डाग आहेत. मोबाइलवरच्या एका ॲपमधून फोटो 'स्वच्छ' केला तर चेहरा ठसठशीत आला, रंगही भरले गेले. पण वर्ध्याला असलेल्या आजोबांच्या धाकट्या बहिणीनं, नव्वदीच्या आजींनी, तो पाहून 'हा कोण?' असंच विचारलं. फोटो कधीचा, तो आजोबांचाच का, आणि मोठा करून भिंतीवर लावायचा तर काय करावं, हे तुम्हाला हवं आहे.

जुने फोटो स्कॅन करणं, दुरुस्त करणं, घराघरांतले अल्बम लावून देणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो: ॲपनं दिलेला तो चेहरा कुणालाही पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर 'हा मूळ फोटो नाही' असं लगेच कळवा. घरच्या ग्रुपवर एकदा तो फिरला की पुढच्या पिढीसाठी तेच आजोबा ठरतील. आजींना तो ओळखू आला नाही, कारण तो चेहरा त्या घरातल्या कुणाचाच नाही. धूसर ठिपक्यांच्या जागी ॲपनं हजारो परक्या चेहऱ्यांवरून शिकलेले डोळे, नाक आणि ओठ बसवले आहेत.

चेहरा का धूसर आहे ते आधी समजून घ्या, म्हणजे त्यातून काय निघू शकतं आणि काय नाही हे कळेल. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत दाराच्या लोखंडी कड्या स्वच्छ दिसतात. नंदीची शिंगं, पाठीवरची झूल आणि पुढचं चाकही स्वच्छ आहे. धूसर आहे ते फक्त मूल, त्यातही चेहरा आणि दोरी धरलेला हात. कॅमेरा हलला असता तर दारही फराटलं असतं, आणि लेन्सचा दोष असता तर नंदीही मऊ आला असता. म्हणजे मूल हललं. नंदी मात्र जागेवर आहे: त्याचं चाक फरशीच्या कडेला अडकलंय, दोरी ताणलेली आहे आणि मूल मागे वळून जोर लावतंय. फोटो त्या क्षणी टिपला गेला.

आता थोडा हिशोब. पांढरी किनार सोडून चित्र साधारण ५.७ बाय ८.३ सेंटिमीटर असल्याचं तुम्ही मोजून कळवलं. १२० किंवा ६२० नंबरच्या रोलवर आठ फोटो येत, त्यांचं हे माप. निगेटिव्ह थेट कागदावर ठेवून छापलेली ही कॉन्टॅक्ट प्रिंट आहे. त्या मापाच्या साध्या पेटी कॅमेऱ्याची लेन्स दहा-साडेदहा सेंटिमीटरची असे आणि शटर साधारण १/४० सेकंद उघडं राही. फोटो काढणारा दहा फुटांवर उभा असेल, तर समोरची वस्तू फोटोत तिसाव्या हिश्शाची येते. मुलाचं डोकं सहा मिलिमीटर, डोळा जेमतेम पाऊण मिलिमीटर. जोर लावताना डोकं सेकंदाला अर्धा मीटर या वेगानं हललं तरी १/४० सेकंदात ते सव्वा सेंटिमीटर सरकतं, म्हणजे फोटोत ०.४ मिलिमीटर. डोळ्याच्या रुंदीच्या निम्मं. इतकं पुसलेलं चित्र कुठल्याही यंत्रानं परत मिळत नाही, कारण ते फिल्मवर कधी उमटलंच नव्हतं. म्हणून या फोटोत चेहरा शोधत बसू नका. बाकीची सगळी जागा मात्र माहितीनं भरलेली आहे, आणि ओळख तिथूनच पटेल.

असे फोटो त्या काळात दुर्मिळ का, तेही सांगतो. १९३० च्या आसपासचे नागपूरचे लहान मुलांचे जे फोटो माझ्याकडे येतात, ते बहुतेक स्टुडिओतले असतात: रंगवलेला पडदा, नक्षीचं टेबल, त्यावर हात टेकून ताठ उभं मूल, जरीची टोपी आणि डोळ्यांत भेदरलेपण. खेळणाऱ्या मुलाचा फोटो घराच्या दारातच निघू शकतो, आणि त्यासाठी कॅमेरा घरच्याच किंवा अगदी जवळच्या माणसाच्या हातात असावा लागतो. कोडॅकनं १९०० साली एक डॉलरचा ब्राउनी बाजारात आणला तेव्हापासून असे घरगुती फोटो सुरू झाले. आपल्याकडे मात्र रोल आणि धुलाई धरून ती चैन बराच काळ मोजक्या घरांनाच परवडली. नागपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होतं. सचिवालय, कोर्टकचेऱ्या, कॉलेजं, रेल्वे, एम्प्रेस मिल, सगळं इथंच. त्यामुळे पगारदार, वकील, डॉक्टर अशा घरांत एखादा हौशी काका किंवा मामा निघायचा. तुमच्या घरात कॅमेरा कुणाकडे होता हे 'फोटोत कोण आहे' याच्याइतकंच महत्त्वाचं आहे. ते नाव मिळालं की त्याच्या वंशजांकडे निगेटिव्ह असण्याची शक्यता तयार होते.

त्या माणसाबद्दल एक गोष्ट फोटोच सांगतो. मुलाकडे आपण वरून पाहत नाही, सरळ समोरून पाहतो. पेटी कॅमेरा पोटाशी धरून वरच्या छोट्या काचेत मान खाली घालून बघावं लागे. मोठ्या माणसाचं पोट साधारण चार-पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्याच्या उंचीवर येतं. डोळ्याला लावायचे कॅमेरे घरोघर आले तेव्हापासूनचे मुलांचे फोटो पाहा. खाली न बसता काढला असेल तर टाळू मोठी आणि पाय बारीक दिसतात. तुमच्या फोटोत तसं नाही.

आता काळ. माप तुम्हाला खालची मर्यादा देतं, वरची नाही: १२० चा रोल १९०१ मध्ये आला आणि आजही मिळतो. कागदाच्या पाठीकडे वळा. खिडकीच्या उजेडात फोटो तिरका धरून पाठ बारकाईनं पाहा. कागद बनवणाऱ्याचं नाव फिकट राखाडी अक्षरांत पुन्हापुन्हा छापलेलं असतं: वेलॉक्स, आग्फा, गेव्हर्ट असं काही. त्यातून कंपनी कळते. साल एकट्या त्यावरून ठरवू नये, कारण वेलॉक्ससारखा कागद कित्येक दशकं विकला गेला.

याहून उपयोगी कसोटी घरबसल्या करता येते. दुकानदार नोटा तपासायला जांभळा दिवा ठेवतात, तो आणा. रात्री खोली अंधारी करा आणि फोटोच्या पाठीवर व पांढऱ्या किनारीवर काही सेकंद तो उजेड टाका. बाजूला आजकालचा साधा छपाईचा कागद ठेवा, म्हणजे फरक कळेल. कागद निळसर-पांढरा झळाळून उठला तर त्यात शुभ्रता आणणारं रसायन आहे. ते फोटोच्या कागदात १९५० च्या दशकापासून येऊ लागलं. तुमचा फोटो चमकला तर ही प्रिंट १९३५-३६ ची नाही. फार तर जुन्या निगेटिव्हवरून नंतर काढलेली आहे, किंवा मूल पुढच्या पिढीतलं आहे. चमकला नाही तर प्रिंट त्या आधीची असू शकते, पण तेवढ्यानं सिद्ध होत नाही, कारण पुढेही सगळ्या कागदांत ते रसायन नव्हतं. या कसोटीचा 'हो' पक्का असतो, 'नाही' फक्त शक्यता उघडी ठेवतं.

साल एका बाजूला ठेवून ऋतूकडे बघा, कारण या फोटोत ऋतू फार चांगला नोंदला गेलाय. नंदी आहे म्हणून तान्हा पोळा (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा मुलांचा सण), असं लगेच म्हणता येत नाही. मुलं वर्षभर नंदी ओढत. पण उजेड पाहा. मुलाच्या पायाशी ठळक सावली नाही, नंदीखाली नुसता मऊ काळपटपणा आहे. आभाळ भरलेलं होतं. नागपूरला ऑगस्टअखेर दुपारी बारा वाजता सूर्य जवळपास डोक्यावर असतो. ऊन असतं तर सव्वातीन-साडेतीन फुटांच्या मुलाची सावली जेमतेम वीतभर पडली असती, पण काठ करकरीत असते. डिसेंबरात त्याच वेळी ती मुलाच्या उंचीएवढी लांब पडते. तुमच्या फोटोत या दोन्हींपैकी काही नाही, ढगाळ उजेड आहे. भिंतीचा खालचा हातभर पट्टा वरच्यापेक्षा गडद आहे, तो ओल चढल्यासारखा वाटतो.

आणि डाव्या कडेला, उंबऱ्याशी, पानांचा एक काळा पुंजका आहे. तुम्ही पाठवलेल्या एका प्रतीत तो कापला गेलाय, बहुधा मूल मधोमध यावं म्हणून. दुसऱ्या प्रतीत तो आहे. पोळ्याला आपल्याकडे दाराशी पळसाच्या फांद्या, म्हणजे मेढे, ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 'घेऊन जा गे मारबत' म्हणत ते बाहेर नेतात. चांगल्या स्कॅनमध्ये तो पुंजका मोठा करून पाहा. एका देठावर तीन रुंद, गोलसर पानं दिसली तर पळस. आंब्याचे डहाळे असतील तर पानं लांबट आणि निमुळती दिसतील. पळस निघाला तर हा फोटो पोळ्याच्या दिवसाचा किंवा दुसऱ्या दिवशी सकाळचा, मेढे हलवण्यापूर्वीचा. त्या दुसऱ्या दिवशी शहरात मारबती (वाईट गोष्टींचे मोठे पुतळे) निघतात आणि संध्याकाळी मुलं नंदी सजवून घरोघर बोजारा (खाऊ-पैसे) मागायला जातात. एकदा दिवस ठरला की फक्त साल उरतं, आणि त्या सालाचं पंचांग मिळालं की श्रावण अमावास्येवरून तारीखही काढता येईल. बाहेरगावचा फोटो तज्ज्ञ त्या पानांकडे ढुंकूनही पाहणार नाही, म्हणून हे इतकं लांबवून सांगतोय. कडा कापू नका. भिंतीवर लावायच्या प्रतीतही नाही.

आता ओळख. 'सगळे म्हणतात आजोबा' हा पुरावा मानू नका. निनावी फोटो घरातल्या सगळ्यात लाडक्या किंवा नावाजलेल्या माणसाच्या नावावर हळूहळू जमा होतात, हे मी अनेक घरांत पाहिलंय. तुमच्या आजोबांना थोरला भाऊ होता, एक आत्येभाऊही वाड्यातच वाढला, असं तुम्हीच लिहिलंय. त्यातला कुणी १९२२-२३ चा असेल तर फोटो १९२७ च्या आसपासचा ठरतो, आणि कॅमेरा, माप, कागद यांतलं काहीही त्याच्या विरुद्ध जात नाही. शिवाय मूल मुलगाच आहे कशावरून? गुडघ्यापर्यंत सैल झबलं आहे आणि केस कानांवर आलेले आहेत. जावळ उशिरा काढायची प्रथा असलेल्या घरांत मुलगेही असेच दिसत, आणि नंदी ओढायला मुलींना कुणी अडवत नव्हतं.

चेहरा पुसलेला असला तरी कान पाहा. मूल मागे वळलंय, त्यामुळे उजवा कान आपल्याकडे आहे आणि तो चेहऱ्यापेक्षा कमी फराटलाय. पाळी गालाला चिकटलेली की सुटी, वरची कड रुंद की अरुंद, कान डोक्याला लागून की बाहेर आलेला, ही ठेवण वय वाढलं तरी फारशी बदलत नाही. आजोबांचा, त्यांच्या भावाचा आणि आत्येभावाचा तरुणपणीचा एकेक फोटो काढा, ज्यात उजवा कान दिसतो. चारही एकाच आकारात शेजारी ठेवा. त्याआधी फोटो उलटा छापलेला नाही ना, ते बघा: निगेटिव्ह पालथी ठेवली गेली तर उजवा कान डावा होतो. दार अजून उभं असेल तर कडी-कोयंडा कुठल्या फळीवर आहे ते फोटोशी ताडून पाहा.

नंदी घरात आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आधी तो शोधा. नागपूरच्या कित्येक घरांत पणजोबांच्या काळचा लाकडी नंदी देवघराच्या बाजूला किंवा माळ्यावर अजून असतो, दरवर्षी रंग चढत जातो आणि खालचं कोरीवकाम बुजत जातं. रंगाकडे लक्ष देऊ नका. शिंगांचा बाक, वशिंडाची उंची, पाटाची जाडी आणि चाकातल्या आऱ्या की भरीव चकती, एवढं जुळवा. तो नंदी कुणाच्या जन्मानंतर, कुणाकडून आला ही गोष्ट घरात बहुतेक वेळा माहीत असते, आणि त्यावरून मुलाचं नाव ठरू शकतं.

आता वर्ध्याच्या आजींकडे जाताना. त्यांना 'हे दादाच ना?' असं विचारू नका. त्या मायेनं 'हो' म्हणतील आणि प्रश्न तिथंच संपेल. फोटो ए-४ कागदावर, कुठलीही दुरुस्ती न करता छापून न्या. मोबाइलच्या चकचकीत पडद्यावर नव्वदीच्या डोळ्यांना काही दिसत नाही. 'आजी, यात काय काय दिसतंय?' एवढंच विचारा आणि थांबा. मग दाराबद्दल विचारा: ते कुठल्या बाजूचं, समोर कुणाचं घर. नंतर नंदीबद्दल, आणि शेवटी फोटो कोण काढायचं हे. मुलाचं नाव त्यांना आपणहून घेऊ द्या. मोबाइलवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा, त्यांची परवानगी घेऊन. हा प्रवास बाकी सगळ्याच्या आधी करा. स्कॅनर पुढच्या महिन्यातही मिळेल.

स्कॅनबद्दल. साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरेसा आहे, काच मात्र पुसून कोरडी करा. १२०० डीपीआय (एका इंचात १२०० ठिपके) ठेवा: तुमच्या मापाला साधारण २७०० बाय ३९०० पिक्सेल मिळतील आणि सहा मिलिमीटरचं डोकं २८० पिक्सेलांचं होईल. त्याहून वर गेलात तर कागदाचे तंतू मोठे दिसतील, बाकी काही नाही. फोटो काळा-पांढरा असला तरी रंगीतच स्कॅन करा, कारण डाग, पिवळेपणा आणि काठावरची निळसर चांदीची झाक रंगातच वेगवेगळी कळतात आणि दुरुस्ती करणाऱ्याला तेच लागतं. आपोआप धूळ काढणं, धार वाढवणं, उजळ करणं हे सगळे पर्याय बंद ठेवा. पांढरी किनार पूर्ण आली पाहिजे. पाठही स्कॅन करा. फाइल टिफ या, दर्जा न घटवता साठवणाऱ्या प्रकारात ठेवा आणि तिला हात लावू नका. दुरुस्ती नेहमी तिच्या प्रतीवर. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलंत तर तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. एक प्रत घरच्या हार्ड डिस्कवर, एक ऑनलाइन आणि एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असू द्या.

भिंतीवर लावायची प्रत बनवताना माझं धोरण असं: धुळीचे ठिपके, ओरखडे आणि बुरशीचे डाग काढावेत, पिवळेपणा थोडा कमी करावा आणि तिथं थांबावं. चेहऱ्याला हात लावू नये. ८ बाय १२ इंचांपर्यंत ही प्रत छान दिसेल. त्याहून मोठी केलीत तर बघणाऱ्याची नजर नेमकी धूसर चेहऱ्यावर जाऊन अडेल.

रंग भरण्याचा आग्रह घरातून होईलच. यात एक अडचण आहे. त्या काळातली बरीचशी रोल फिल्म लाल रंगाला जवळपास आंधळी होती. लाल वस्तू तिच्यावर काळी उतरे, निळं आभाळ पांढरं, आणि सावळी कातडी असे त्याहून गडद. फोटोत नंदीची झूल काळी दिसते. ती पोळ्याची असेल तर लाल असण्याची शक्यता जास्त. ॲपनं तिला तपकिरी केलंय आणि मुलाला एकाच पिठाळ गोऱ्या रंगात रंगवलंय. आजींनी झुलीचा, दाराचा रंग सांगितला तर त्या आधारे हातानं रंगवलेली वेगळी प्रत करा आणि तिच्यावर तसं लिहून ठेवा. नुसत्या राखाडी छटेवरून रंग ओळखता येत नाही.

मूळ प्रिंटच्या जतनाबद्दल आता जरा कळकळीनं लिहितो, कारण नागपुरात फोटो कशानं मरतात हे मी जवळून पाहतो. सगळे पावसाळ्याला दोष देतात. तो आहेच, पण आपला उन्हाळा दुहेरी मार देतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी असते की फोटोवरचा जिलेटिनचा थर आकसतो. त्याचा ताण कागदावर येतो, फोटो वळतो, भेगा पडतात. मग त्याच खोलीत आपण कूलर लावतो. खिडकीतून आलेली ओलसर हवा थेट समोरच्या कपाटावर आदळते आणि जिलेटिन फुगतं. दुपारी फुगायचं, कूलर बंद झाला की आकसायचं, असं तीन महिने रोज चालतं. त्यात दारं घट्ट लावलेल्या लोखंडी कपाटात ओल कोंडून राहिली की जुलैपर्यंत बुरशीला तयार घर मिळतं. तेव्हा पहिला नियम: अल्बम आणि फोटो कूलरच्या खोलीत ठेवू नका. माळ्यावर, कवेलूंखाली किंवा टिनाखाली तर मुळीच नाही. घराच्या आतल्या भिंतीला लागलेलं, जमिनीपासून वर असलेलं लाकडी कपाट सगळ्यात बरं. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराच्या भिंती टाळा.

कोपऱ्यातले डाग ओल्या कापडानं पुसू नका. काच पुसायचं औषध, स्पिरिट, थुंकी, काहीच नको. बुरशीनं खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं आणि चित्र कापडावर येतं. फोटो काही दिवस पंख्याच्या मंद वाऱ्याच्या खोलीत, उन्हापासून दूर, टिपकागदावर मोकळा ठेवा. बुरशी कोरडी, भुकटीसारखी झाली की मऊ ब्रशनं बाहेरच्या दिशेला हलकेच झटका, घराबाहेर आणि नाकाला मास्क लावून. डाग राहील. तो स्कॅनमध्ये काढता येतो. वळलेला फोटो जबरदस्तीनं सपाट करू नका, इस्त्री तर नाहीच. लॅमिनेशन म्हणजे फोटोचा शेवट: उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. चिकटपट्टी, फेव्हिकॉल आणि चिकट पानांचे अल्बम टाळा. डांबर गोळ्याही फोटोच्या डब्यात नकोत.

साधं, स्वस्त आणि टिकाऊ असं करा: पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पारदर्शक पाकिटात फोटो ठेवा, ते पाकीट आम्लरहित कागदाच्या घडीत आणि घडी पुठ्ठ्याच्या डब्यात. वास मारणारं मऊ पीव्हीसी प्लास्टिक नको. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या साफसफाईत, डबा उघडून बघा. वाळवी आणि कसर नागपुरात डब्यापर्यंत पोचतातच.

त्या पत्र्याच्या पेटीचा तळ अजून पूर्ण उपसला नसेल तर आज उपसा. जुन्या लिफाफ्यांत निगेटिव्ह निघू शकतात आणि त्या प्रिंटपेक्षा मोलाच्या आहेत. हातात घेताना फक्त कडा धरा. कडेवर 'सेफ्टी' अशी इंग्रजी अक्षरं असली तर ठीक. नसली, आणि फिल्म पिवळसर, चिकट किंवा उग्र वासाची असली, तर ती नायट्रेटची असू शकते. १९५० च्या आधीच्या रोलमध्ये ही शक्यता असते. नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते. ती बंद पत्र्याच्या पेटीत, उन्हाळ्यात माळ्यावर ठेवणं धोक्याचं आहे. कागदी लिफाफ्यात, हवेशीर, थंड जागी, बाकीच्या कागदपत्रांपासून वेगळी ठेवा आणि लवकरात लवकर स्कॅन करून घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ती ॲसिटेटची, ती नायट्रेटसारखी चटकन पेट घेत नाही, पण तीही वेगळीच ठेवायची, कारण तो वास शेजारच्या फिल्मलाही खराब करतो.

वाड्याच्या वाटणीत मूळ फोटो कुणाकडे राहील यावरून घरात बोलणं सुरू झाल्याचं तुम्ही सूचित केलंय. माझा सल्ला: स्कॅन सगळ्यांना द्या, मूळ प्रिंट ज्याच्याकडे बिनकूलरचं कोरडं कपाट आहे त्याच्याकडे राहू द्या. थोरला कोण, हा निकष इथे लावू नका.

पाठीवर लिहायचं असेल तर बॉलपेन वापरू नका. दाब पुढे उमटतो आणि शाई झिरपते. फोटो काचेवर पालथा ठेवून मऊ पेन्सिलीनं, अगदी किनारीजवळ लिहा. जे माहीत आहे ते आणि ते कुणी सांगितलं, दोन्ही लिहा. उदाहरणार्थ: 'महाल, वाड्याचं दार. बहुधा तान्हा पोळा, दाराशी पळस. मूल: आजींच्या मते अमुक.' नाव नक्की नसेल तर पुढे प्रश्नचिन्ह ठेवा. स्कॅन झाल्यावर डावी कड आणि उजवा कान, एवढे दोन तुकडे पूर्ण आकारात मला पाठवा. पळस आहे की आंबा, ते बघून कळवतो.